दोन लाल ओळी

डॅशबोर्ड म्हणजे गाडीत स्टिअरिंगच्या पुढे असतो, ज्यावर छोटा गणपती चिकटवतात, तो. एवढंच मला ठाऊक होतं. तो कॉम्प्युटरवरही असतो आणि सत्तेचाळिसाव्या वर्षी तो मलाच बनवायला लागणार आहे, असं कुणी आधी सांगितलं असतं तर मी ही नोकरी धरलीच नसती. आता तो बनवून झाला, देणगीदारांनी त्याचे फोटो काढले, मला शाल मिळाली. ती शाल अजून पिशवीतून बाहेर काढलेली नाही. का नाही, तेच सांगते आहे.

आमची संस्था उल्हासनगरला, चार नंबर कॅम्पात. खाली आमच्या दोन खोल्या, वर जीन्स शिवायचा कारखाना. दिवसभर डोक्यावर मशिनी चालू असतात आणि फोनवर बोलताना ओरडून बोलायची सवय लागते. घरी गेल्यावरही मी ओरडूनच बोलते, असं माझा नवरा म्हणतो. आम्ही बदलापूरला हेंद्रेपाड्यात राहतो, तिथं शेजारी सगळे शांत आहेत, त्यामुळे माझा आवाज जास्तच लागतो त्यांना.

संस्थेचं काम साधं आहे. शाळा अर्धवट सुटलेल्या बायकांना दहावीला बसवायचं. बाहेरून परीक्षा देणाऱ्यांचा एक फॉर्म असतो, सगळे त्याला सतरा नंबरचा फॉर्म म्हणतात. तो संस्था भरते, आणि त्याआधी सात-आठ महिने बायकांना मोबाइलवर धडे देते. एक अ‍ॅप आहे. त्यात धडा बघायचा, मग दहा प्रश्न सोडवायचे, मग पुढचा धडा. अंबरनाथ, बदलापूर, उल्हासनगर आणि आजूबाजूच्या पाड्यांमधल्या बायका. कुणी पोळ्या लाटता लाटता धडा ऐकते, कुणी कंपनीत जेवणाच्या सुट्टीत. या बायकांचं मला कौतुक आहे, ते खरं सांगते. मला या वयात कुणी बीजगणित शिकायला लावलं तर मी सरळ माहेरी निघून जाईन.

संस्था चालवणाऱ्या बाई सिंधी आहेत, पासष्टीच्या. सगळे त्यांना दादी म्हणतात. सिंधीत मोठ्या बहिणीला दादी म्हणतात, हे मला कळायला सहा महिने लागले, तोवर मला वाटायचं या बाई एवढ्या ताठ चालतात आणि लोक त्यांना आजी काय म्हणतात. बाई मनाची चांगली. पण एकदा एखादी गोष्ट डोक्यात बसली की विषय संपला. कुठल्या तरी मोठ्या संस्थेत त्या पाहुण्या म्हणून जाऊन आल्या आणि दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलासमोर खुर्ची ओढून बसल्या. तिथं म्हणे भिंतीवर टीव्ही होता आणि त्याच्यावर रंगीत गोल होते. कोण शिकतंय, कोण मागे पडलंय, सगळं दिसत होतं. आपल्यालाही तसंच हवं. “एक नजर में दिखना चाहिए,” दादी म्हणाल्या. “रजिस्टर कोई नहीं देखता अब.”

रजिस्टर मीच ठेवत होते. लांब, हिरव्या कापडी पुठ्ठ्याचं. दर आठवड्याला एकेका बाईला फोन करायचा आणि तिच्या नावापुढे लिहायचं. “गणित अडलंय.” “सासू आजारी.” “फोन पोरानं फोडला, दुरुस्तीला.” असं काय काय. बायका मला आवाजावरून कळायच्या. दादींना यातलं काहीच नको होतं. त्यांना गोल हवे होते.

मी जीन्सच्याच एका कारखान्याच्या ऑफिसात पंधरा वर्षं कॉम्प्युटरवर एंट्र्या केल्या आहेत. तेवढ्यावर दादींनी ठरवलं की मला सगळं येतं. मग काय, यूट्यूबवर व्हिडिओ बघायला लागले. एक पोरगा हिंदीत शिकवायचा, इतका भरभर की दर दोन मिनिटांनी थांबवून मागे जावं लागायचं. आमच्या बायका कशा शिकत असतील ते मला तेव्हा खरं कळलं. डोळे चुरचुरायचे. मान धरायची. एक गोल बनवला की तो दुसऱ्या गोलावर चढून बसायचा. रंग बदलला की अक्षरं गायब. शुक्रवारी वीज जायची आणि सेव्ह न केलेलं सगळं जायचं, आणि मी पुन्हा पहिल्यापासून. तीन महिने मी दमलेलीच होते. घरी भाजी करताना मला कोथिंबीर हिरवी, टोमॅटो लाल आणि हळद पिवळी असं दिसायला लागलं होतं, इतकं ते रंगाचं वेड डोक्यात बसलं.

आता ती बाई.

पालेगावची. मी तिला पहिल्यांदा भेटले ते नाव नोंदवायच्या दिवशी, अंबरनाथ पूर्वेला एका समाजमंदिरात. वय अडतीस. सातवीनंतर शाळा सुटलेली. एमआयडीसीत औषधांच्या बाटल्या पॅक करणाऱ्या एका कंपनीत लागलेली, पट्ट्यापाशी उभं राहून आठ तास बाटल्या खोक्यात भरायच्या. तिनं साडी घोट्याच्या वर जरा उचलून मला पाय दाखवले. निळ्या शिरा दोरीसारख्या वर आलेल्या. डॉक्टरनं सांगितलं होतं, उभं राहायचं काम सोड, नाहीतर पुढे ऑपरेशन.

काम सोडणं काही शक्य नव्हतं. पण कंपनीतच टेबलाचं एक काम होतं. खुर्चीवर बसून लेबलं तपासायची. त्याला दहावी लागायची. सुपरवायझर बरा माणूस होता, म्हणाला होता, बोर्डाचा फॉर्म भरल्याची पावती आणून दाखव, तुला लगेच टेबलावर बसवतो, निकाल लागला की कायम करतो. दिवाळीला एक बाई निवृत्त होणार होती, तीच ती खुर्ची. म्हणजे त्याआधी पावती हवी. “आणि मॅडम, याच वर्षी,” ती म्हणाली. “माझी मुलगी नववीत जाईल जूनला. त्याच्या पुढच्या वर्षी तिची दहावी. धडे चालतील असा घरात एकच फोन, नवऱ्याचा, आणि एकच टेबल फॅन. दोघी एकदम नाही बसू शकत.”

मी तिचा शाळा सोडल्याचा दाखला घेतला, झेरॉक्स फायलीत लावली आणि दाखल्यावर जे नाव होतं ते माझ्या यादीत टाइप केलं. मग तिनं सोबत आणलेल्या त्या घरच्या फोनवर अ‍ॅप उघडलं आणि तिथं आपलं नाव आपणच भरलं. रजिस्टरमध्ये मी नेहमीसारखं फोन नंबरच्या हिशेबानं लिहायचे, त्यामुळे तिथं काही घोळ नव्हता; पण पुढच्याच महिन्यात गोलांचं काम सुरू झालं आणि रजिस्टर बंद पडलं.

घोळ मी डॅशबोर्डमध्ये घातला. कसा, ते सांगते, त्यात काही अवघड नाही. माझ्याकडे दोन याद्या होत्या. एक कागदपत्रांची, मी दाखले बघून टाइप केलेली. दुसरी अ‍ॅपमधून येणारी, त्यात कुणी किती धडे बघितले आणि प्रश्नांत किती मार्क पडले. गोल रंगवायचा तर दोन्ही याद्या एकमेकींना जोडायला हव्यात. फोन नंबरनं जोडावं, तर नंबरांचा भरवसा नाही. एक नंबर नवऱ्याचा, एक शेजारणीचा, रिचार्जची नवी ऑफर आली की तिसराच. म्हणून मी नावानं जोडलं. आडनावं आणि मधली नावं लग्नानंतर बदलतात, हे माझ्या लक्षात होतं, एवढी अक्कल होती मला. म्हणून फक्त पहिलं नाव, जन्मसाल आणि गाव. तिन्ही जुळलं की बाई एकच.

स्वतःवरच इतकी खूश झाले होते मी त्या दिवशी की येताना वडापाव घेऊन खाल्ला.

आता गंमत ऐका. माझं स्वतःचं पहिलं नाव लग्नात बदललेलं आहे. ताटात तांदूळ पसरले होते, नवऱ्यानं अंगठीनं त्यात माझं नवं नाव लिहिलं, नणंदा हसल्या, गुरुजींनी मोठ्यानं वाचलं आणि पेढे वाटले. तेवीस वर्षं झाली. माझ्या दाखल्यावरचं नाव आता फक्त आई आणि दोन मैत्रिणी घेतात. बँकेत, पॅनकार्डात, रेशनकार्डात मी या दोन नावांपायी किती हेलपाटे घातले आहेत ते माझं मला माहीत. आणि एवढं सगळं होऊन, पहिलं नाव कधी बदलत नाही, असं धरून मी नियम लिहिला. का? मला खरंच सांगता येत नाही. दमले होते, हे खरं आहे. पण दमलेलं माणूससुद्धा स्वतःचं नाव विसरत नाही. मी विसरले.

त्या बाईचंही नाव तसंच बदललेलं होतं. दाखल्यावर माहेरचं, अ‍ॅपमध्ये सासरचं. तिला कुणी विचारलंच नव्हतं कुठलं घालायचं ते. अठरा वर्षं जे नाव लोक हाक मारायला वापरतात तेच तिनं घातलं, कुणीही तेच घातलं असतं.

त्यामुळे माझ्या डॅशबोर्डवर तिच्या दोन ओळी झाल्या. एका ओळीत एक बाई होती, कागदपत्रं पूर्ण, धडे शून्य. दुसऱ्या ओळीत दुसरीच बाई, धडे पूर्ण, मार्क चांगले, कागदपत्रं नाहीत. धडे नसतील तर लाल आणि कागद नसतील तरी लाल, असा माझाच नियम होता. दोन्ही ओळी लाल. आणि त्या लाल ओळींत मला काही विचित्रही वाटलं नाही. नाव नोंदवून परत तोंड न दाखवणाऱ्या बायका दरवर्षी असतातच. मैत्रिणीच्या फोनवरून उगाच अ‍ॅप उघडून धडे बघणाऱ्याही असतात. दोन्ही प्रकार ओळखीचे. म्हणून कुठंच शंका आली नाही.

गणपतीच्या आधी देणगीदार आले. भिंतीवर दादींनी घरचा जुना टीव्ही आणून लावला होता. गोल फिरले, रंग दिसले, लोकांनी टाळ्या वाजवल्या. एक गृहस्थ म्हणाले, बघा, आता भावनेचा प्रश्नच राहिला नाही, आकडे बोलतात. दादींनी माझ्या खांद्यावर शाल टाकली आणि त्याच दुपारी ठरलं, की या वर्षी सतरा नंबरचे फॉर्म फक्त हिरव्या बायकांचे भरायचे. धडे थोडे राहिलेल्या पिवळ्यांना एक महिना द्यायचा. लाल असतील त्यांना नम्रपणे कळवायचं. नम्रपणे कळवायचं काम अर्थात माझं.

मी यादी छापली आणि फोन करायला बसले. वर मशिनी चालू. एकेका बाईला तेच तेच सांगायचं. ताई, या वर्षी राहू द्या, तुमचे धडे झालेले नाहीत, पुढच्या वर्षी बघू. काही जणी भांडल्या, काही जणींनी नवऱ्याला फोन दिला, बऱ्याच जणी म्हणाल्या, मी बघितलेत की. हे सगळ्याच म्हणतात. आधी रजिस्टर होतं तेव्हा मी म्हणायचे, बरं, कुठला धडा बघितला सांग, काय होतं त्यात? दोन मिनिटांत खरं-खोटं कळायचं. आता विचारायची गरजच वाटली नाही, समोर गोल होता.

तिचा, म्हणजे तिच्या जवळच्या साध्या फोनचा, नंबर लागला तेव्हा मी दाखल्यावरच्या नावानं विचारलं, तुम्हीच का. पलीकडून थोडा वेळ काही आवाजच नाही. मग ती म्हणाली, “हो, मीच.” तो थांबण्याचा अर्थ मी माझ्या सोयीनं लावला. मला वाटलं, अभ्यास केला नाही म्हणून ओशाळली. खरं म्हणजे त्या नावानं तिला कित्येक वर्षांत कुणी विचारलं नव्हतं, एवढंच.

मी सांगितलं, तुमचे धडे शून्य दिसतात. ती म्हणाली, “मी तर रोज बघते, मॅडम. सगळे झाले माझे.”

मी म्हणाले, “कॉम्प्युटरमध्ये काहीच दिसत नाही, ताई.”

कंपनीतलाच आवाज येत होता मागून, बाटल्यांचा. मग ती अगदी हळू म्हणाली, “मग माझंच काहीतरी चुकलं असेल.”

मी म्हटलं, असू द्या, वाईट वाटून घेऊ नका, आणि यादीवर टिक केली. त्या दिवशी असे किती फोन केले ते मोजलं नाही. घसा बसला होता. घरी जाऊन मिठाच्या गुळण्या केल्या आणि झोपले.

आता मला त्या एका वाक्याचा इतका राग येतो. तिचा नाही, माझा. कारण त्या बाईनं भांडायला हवं होतं. तिनं दुसऱ्या दिवशी ऑफिसात येऊन फोन माझ्या टेबलावर आपटायला हवा होता, हे बघा धडे, हे बघा मार्क. पण कॉम्प्युटर म्हणतो म्हटल्यावर ती गप्प बसली. आणि कॉम्प्युटर म्हणतो हे सांगणारी मी. कॉम्प्युटरला तसं म्हणायला मीच शिकवलं होतं की.

फॉर्मची तारीख गेली. गणपती झाले, नवरात्र झालं. दादींच्या डोक्यात नवीन काही आलं. दिवाळीच्या कार्यक्रमात सगळ्यात जास्त मार्क मिळवणाऱ्या पाच जणींचा सत्कार करू या. मी मार्कांवर यादी लावली. सगळ्यात वर पालेगावची एक बाई आली, बाकी सगळ्यांच्या बरीच पुढे. आणि तिच्यापुढे लाल गोल, कागदपत्रं नाहीत. मी म्हटलं, काय बाई असते एकेक. एवढा अभ्यास करते आणि एक झेरॉक्स आणून देत नाही. चिडूनच फोन लावला.

हा नंबर अ‍ॅपमधला होता, नवऱ्याचा निघाला. तो म्हणाला, ती कंपनीतून आली की करते. संध्याकाळी फोन आला. मी जरा रागावूनच विचारलं, ताई, तुमचा दाखला कुठे आहे, दिला का नाही आम्हाला?

“दिला होता ना, मॅडम,” ती म्हणाली. “समाजमंदिरात. तुमच्याच हातात. तुम्ही मागे मला फोन पण केला होता, धडे शून्य म्हणून.”

आवाज ओळखला मी. तेव्हा ओळखला, जेव्हा काही उपयोग नव्हता. मी मागची लाल यादी काढली, त्यात पालेगावच्या बाईचं दुसरंच नाव बघितलं आणि विचारलं, ताई, लग्नात तुमचं नाव बदललं का? ती म्हणाली, हो, बदललं ना. अगदी सहज, पाणी आलं का विचारल्यावर सांगतात तसं. मी म्हटलं, मी उद्या तुमच्या घरी येते.

त्या संध्याकाळी मी दोन्ही याद्या पहिल्यापासून तपासल्या. नाव बदललेल्या दोघीच होत्या. दुसरी मे महिन्यातच गावी निघून गेली होती, तिचे धडे अर्धवटच राहिले होते, तिचं काही नुकसान झालं नव्हतं. राहिली ही एकटी. मग मी डॅशबोर्डमध्ये एक नवा रकाना घातला, माहेरचं नाव. दहा मिनिटांचं काम. तिच्या दोन लाल ओळींची एक ओळ झाली आणि ती हिरवी झाली. इतका सुंदर हिरवा रंग मी निवडला होता, आणि तो मला बघवेना.

सकाळी दादींना सांगितलं. मग त्यांनी स्वतः चार फोन लावले, ओळखीच्या एका मुख्याध्यापकांना, बोर्डात कुणी असेल त्यांना. उशिराचा दंड भरून चालेल का, काही करता येईल का. दंडाची मुदतही संपली होती. शेवटचा फोन ठेवून त्या म्हणाल्या, “अब क्या करें. अगले साल पक्का. पहला फॉर्म उसका.” मी म्हटलं, पुढच्या वर्षी तिला नाही चालणार, दादी. त्यांना वाटलं मी उगाच निराश बोलते आहे.

तिला द्यायला म्हणून मी एका कागदावर तिचे मार्क छापून घेतले, सगळ्या विषयांचे, आणि वर संस्थेचा शिक्का मारला. काहीतरी हातात असावं, मोकळ्या हातानं कसं जायचं.

पालेगावात आता रिक्षावाल्याला नुसतं गावाचं नाव सांगून भागत नाही, कुठला टॉवर ते सांगावं लागतं. तिचं घर टॉवरच्या मागे, जुन्या गावात, दोन खोल्यांचं. ती नुकतीच कामावरून आली होती, पायाखाली उशी घेऊन खाटेवर बसली होती. मला बघून उठायला लागली, मी खांदा धरून बसवलं. सासू आत चुलीपाशी नव्हे, गॅसपाशी चहा ठेवत होती आणि कान आमच्याकडे लावून होती. मुलगी क्लासला गेलेली.

मी सगळं सांगितलं. आडपडदा न ठेवता सांगितलं. दोन याद्या, दोन नावं, मी केलेला नियम, दोन्हीकडे लाल. तुमचं काहीही चुकलं नव्हतं, चूक माझी. ती ऐकत होती. मधे एकदाच तिनं विचारलं, “म्हणजे सगळे धडे दिसत होते?” मी म्हणाले, सगळे, आणि मार्क आमच्या सगळ्या बायकांत जास्त. तिचा चेहरा कसा झाला ते मला नीट सांगता येणार नाही. आनंद झाला तिला. खरंच झाला. एवढ्याशा आनंदाची मला लाज वाटली.

मी टेबलाच्या कामाचं विचारलं. ते गेलं होतं. खुर्ची दिवाळीच्या आधीच रिकामी झाली आणि सुपरवायझरनं तिच्यासाठी आठवडाभर वाट बघून दुसऱ्या एका मुलीला बसवलं. ती मुलगी तेवीस वर्षांची आहे म्हणे, आता काही लवकर उठत नाही.

सासू चहा घेऊन बाहेर आली. कप माझ्या हातात दिला आणि माझ्यासमोर उभी राहिली. चांगली ठसठशीत म्हातारी. मला वाटलं, सुनेला काहीतरी टोमणा मारेल. तिनं मला विचारलं.

“पास होती ती, तर मंग फोन का केलता तुम्ही?”

मी म्हणाले, चूक झाली, आजी. ती म्हणाली, “फोन करायच्या आधी येऊन बघायचं व्हतं. आठ म्हयने घरात सगळी कामं मी केली, ती बसावी म्हून.” मला वाटलं होतं या घरात अभ्यासाला विरोध असेल. विरोध नव्हताच. त्या म्हातारीनं भांडी घासली होती, दळण आणलं होतं, पाणी भरलं होतं. मी तिचेही आठ महिने वाया घालवले होते आणि तिचा तर माझ्या कुठल्याच यादीत पत्ता नव्हता.

चहा संपवणं भाग होतं, संपवला. मग मी तो शिक्का मारलेला कागद पर्समधून काढून बाईच्या हातात दिला. तिनं तो बराच वेळ वाचला. एकेका विषयावर बोट ठेवून वाचला. गणितापाशी जरा हसली. मी म्हटलं, फ्रेम करून लावा, मुलीला दाखवा. दोन वर्षांनी पुन्हा बसा, मी स्वतः फॉर्म भरीन.

तिनं कागदाची घडी घातली आणि माझ्या हातात परत दिली.

“हा तुमच्याकडंच राहू द्या, मॅडम,” ती म्हणाली. “पोरीला मी सांगितलंय, मला कंटाळा आला म्हणून मी सोडलं. तिची दहावी येतेय. सगळं बरोबर करून पण असं होतं, हे तिला आत्ता कळायला नको.”

सासूनं माझ्या हातातला रिकामा कप घेतला. मुलगी यायची वेळ झाली होती. मी चपला घातल्या आणि ती यायच्या आत निघाले.